जन्मलेली किती, हयात किती : वाढत्या लोकसंख्येबद्दल

प्रगणकबाई (धागाकर्ती) | ११ जुलै

नातवाला शाळेतून निबंध दिलाय : 'वाढती लोकसंख्या, फायदे आणि तोटे'. आज जागतिक लोकसंख्या दिन ना, म्हणून. १९८७ साली याच तारखेच्या सुमारास जगाची लोकसंख्या पाचशे कोटी झाली, त्यावरून हा दिवस पाळायला लागले. नातू म्हणाला, "आजी, तू तर जनगणनेला जायचीस. तू सांग, मी लिहून घेतो." सांगायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडकले.

मी पुणे महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांना प्रगणक म्हणून फिरले. पहिल्या दोन वेळा पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत, तिसऱ्यांदा वडगाव बुद्रुकला. हे काम ज्यांनी केलंय त्यांना आठवत असेल, तक्त्यात विवाहित बायकांसाठी शेवटाकडे दोन प्रश्न असतात. आज हयात मुलं किती, आणि आजवर जिवंत जन्मलेली किती. दोन शेजारशेजारचे रकाने.

१९९१ला एका आजींना विचारलं. बोटांच्या पेरांवर मोजून म्हणाल्या, "नऊ." हयात किती? "पाच." मी आकडे लिहिले आणि पुढच्या ओळीवर जाणार, तर त्या बोलायला लागल्या. तिसरा गोवरात गेला, पाचवी जुलाबानं गेली. चौघांचीही नावं सांगितली. त्या नावांना तक्त्यात जागा नव्हती, पण चौथं नाव सांगून होईपर्यंत मला उठवेना. त्याच घरातल्या सुनेचे आकडे होते चार आणि चार. वीस वर्षांनी वडगावला मजल्यामागून मजले चढले, सगळीकडे दोन आणि दोन, एक आणि एक.

लोकसंख्या का वाढली याचं माझ्यापुरतं उत्तर त्या दोन रकान्यांत आहे. बायकांना पूर्वीपेक्षा जास्त मुलं व्हायला लागली असं मला कुठेच दिसलं नाही. झालेली मुलं जगायला लागली. आपल्या देशात १९७१ साली हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती, २०२० साली २८. स्वातंत्र्याच्या सुमाराला सरासरी आयुष्य पस्तीसही नव्हतं, आता सत्तरच्या आसपास आहे. ही वाढ मी 'तोटे' या मथळ्याखाली कशी सांगू?

पण दुसरी रात्रही विसरता येत नाही. २८ फेब्रुवारी २०११. जनगणनेत त्या रात्री बेघरांची मोजणी असते. आम्ही तिघंचौघं स्टेशनच्या परिसरात फिरत होतो. गोणपाट अंथरून झोपलेल्या एका माणसाला उठवलं. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि न विचारता हेही सांगितलं की आजोबांचे बारा एकर होते, वडिलांना तीन आले, आता चार भावांत पाऊण-पाऊण. पाऊण एकरावर पोट भरत नाही म्हणून तो फुटपाथवर होता. त्या घरातली मुलंही जगलीच होती ना.

तर निबंध बाजूला ठेवू. तुम्ही स्वतः काय पाहिलंय ते लिहा. जातीधर्मावरून एकमेकांना ओरबाडू नका एवढी विनंती.

आकडेमोड | ११ जुलै

बाई, धागा फार आवडला. थोडे आकडे देतो, पुढच्या चर्चेला उपयोगी पडतील.

जगात पहिले शंभर कोटी लोक व्हायला १८०४ साल उजाडलं. दोनशे कोटी १९२७ला. म्हणजे १२३ वर्षं लागली. त्यानंतर १९६०ला तीनशे, १९७४ला चारशे, १९८७ला पाचशे, १९९९ला सहाशे, २०११ला सातशे, आणि १५ नोव्हेंबर २०२२ला आठशे कोटी. शेवटचे काही टप्पे साधारण सारखेच, अकरा ते तेरा वर्षांचे दिसतात, त्यामुळे वेग तोच आहे असं वाटतं. तसं नाही. वाढीचा दर १९६०च्या दशकात दोन टक्क्यांच्या वर होता, आता एका टक्क्याच्या खाली आलाय. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजाप्रमाणे २०८०च्या दशकाच्या मध्यावर जग साधारण १०३० कोटींवर पोचेल आणि मग हळूहळू उतरेल.

भारतातही एका बाईला सरासरी २.० मुलं होतात (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१). महाराष्ट्रात १.७, बिहारमध्ये ३.०. पिढीची जागा पिढीनं घ्यायला २.१ लागतात. मग आपण अजून वाढतोय कशामुळे? तर मागच्या काळात जन्मलेली मुलं आता आईबाप होतायत, आणि त्यांची संख्याच मोठी आहे. गाडीचा ब्रेक दाबलाय, पण भरलेली गाडी लगेच थांबत नाही. २०६०च्या दशकात १७० कोटींच्या आसपास थांबेल.

धायरीचा_रहिवासी | १२ जुलै

आकडे बरोबर असतील. मी टँकरच्या पाण्यावर राहतो.

आमच्या सोसायटीत १४० फ्लॅट. उन्हाळ्यात दिवसाला सात-आठ टँकर. मेंटेनन्सच्या पावतीत पाण्याची रक्कम बाकी सगळ्या खर्चांपेक्षा मोठी. २०१७ला ११ आणि २०२१ला २३ गावं महापालिकेत आली, पण जलवाहिनी कागदाच्या वेगानं येत नाही. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण निघाले तेव्हा दूषित पाण्याचाच संशय होता. आमच्या घरी दोन महिने पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून प्यायलो. मुलीच्या शाळेच्या बाटलीचं झाकण उघडतानाही हात थांबायचा.

पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला. पुण्याला पाणी देणारी ही चारही धरणं मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट). खडकवासल्याची स्वतःची साठवण तर दोन टीएमसीसुद्धा भरत नाही. माणसं वाढली, धरणं तेवढीच. फायद्यांवर बोलायचं असेल तर आधी हे सोडवा.

टेलचा_शेतकरी | १२ जुलै

धायरीकर, तुमच्या टँकरबद्दल खरंच वाईट वाटतं. पण त्याच २९ टीएमसीच्या दुसऱ्या टोकाला मी आहे. खडकवासल्याचा उजवा कालवा हवेली, दौंड करत इंदापुरात येतो. आम्ही टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला. आवर्तन सुटलं असं पेपरात वाचायचं आणि चारीवर जाऊन बसायचं. पाणी वरच्या वर संपलं की हातातला गहू जातो. १९६१ला पानशेत फुटलं, पुन्हा बांधलं, तेव्हाचं पुणे आणि आजचं पुणे यात केवढा फरक पडला. शहराला प्यायला पाणी लागतं, त्याला नाही म्हणायची माझी हिंमत नाही. प्यायलाच द्यायचं. पण तेच पाणी वापरून झाल्यावर शुद्ध होऊन आमच्याकडे यायला हवं, ते नीट येत नाही आणि हिशेबात मात्र आमच्या नावावर धरलं जातं.

बाईंनी पाऊण एकरवाल्याचं लिहिलंय. आमच्या तलाठ्याकडे जुने सातबारे काढले तर हीच कहाणी घरोघर. राज्यात १९७०-७१ला सरासरी धारणक्षेत्र चार हेक्टरच्या वर होतं, २०१५-१६च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर. एका बांधाचे चार बांध झाले की बांधांवरच वीतवीत जमीन जाते. मग भाऊ भावाला कोर्टात ओढतो. मला लोकसंख्येचा तोटा विचाराल तर मी बांध दाखवीन.

भोसरीकर | १२ जुलै

माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून आले. त्याआधी सहा महिने पाझर तलावावर खडी फोडली. दुष्काळात वाटलेली सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. आई अजून सांगते, मिलोची भाकरी गिळताना घशाला टोचायची. तेव्हा सगळ्या राज्यात पाच कोटी माणसं होती, आणि त्या पाच कोटींना धान्य पुरत नव्हतं. २०११ला आपण सव्वाअकरा कोटी झालो. या काळात अवर्षणं आली, पण गावच्या गाव मिलोच्या रांगेत उभं राहिलेलं मी पाहिलेलं नाही. विहिरी झाल्या, संकरित बियाणं आलं, खत आलं, रेशन आलं, रोजगार हमीचा कायदा याच राज्यात झाला. म्हणून 'माणसं जास्त झाली म्हणून उपासमार' हे मला पटत नाही. माझ्या घरानं उलटं पाहिलंय.

आता माझं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, तीन लेथ. अकरा पोरं कामाला, त्यातली सहा बिहार-उत्तर प्रदेशची, तीन लातूर-नांदेडची. छटपूजेला आणि लग्नसराईत ती गावी गेली की मशिनं उभी राहतात. हाताला काम शिकलेलं पोरगं म्हणजे काय किंमत असते ते ऑर्डर अडकल्यावर कळतं. तरुण माणसांचा देश असणं हा फायदा आहे. मात्र पोरगं काम शिकून आलं पाहिजे. दहावी झालेला आणि मायक्रोमीटर हातात न धरलेला पोरगा मला तयार करायला दीड वर्ष लागतं, आणि ते दीड वर्ष त्याला कमी पगारात काढावं लागतं. दोघांचंही नुकसान.

नागोयाहून | १२ जुलै

मी मूळची कर्वेनगरची. पुण्यात जपानी शिकले, आता सात वर्षं इथे आहे. पलीकडची बाजू सांगते.

जपानची लोकसंख्या २००८च्या सुमारापासून उतरतेय. २०२४ला सगळ्या देशात सात लाखांपेक्षाही कमी जपानी बाळं जन्मली. दर दहा माणसांत जवळजवळ तिघं पासष्टीच्या पुढची. २०२३च्या पाहणीत नव्वद लाख घरं रिकामी निघाली. मी आधी एका लहान गावाजवळ राहायचे. तिथली प्राथमिक शाळा बंद झाली त्या दिवशी गावातले म्हातारे पटांगणात जमले होते. शेवटच्या वर्गात पाच मुलं होती. त्या मुलांनी झाडाला पाणी घातलं, फाटक लावलं, आणि टाळ्या वाजवताना सगळे रडत होते. पुण्याच्या गर्दीला वैतागून मी आले होते, पण त्या दिवशी मला आमच्या गल्लीतला क्रिकेटचा आरडाओरडा हवाहवासा वाटला.

दक्षिण कोरियात तर २०२३ला सरासरी ०.७२ मूल. एवढ्या वेगानं उतरलं की सांभाळायला कुणी उरत नाही.

सदाशिव_पेठ | १३ जुलै

नागोयाच्या ताईंनी लिहिलंय ते पाहायला जपानला जावं लागत नाही. आमच्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत १६ घरं आहेत, नऊ घरांत फक्त म्हातारी माणसं. माझी दोन्ही मुलं बाहेर. पत्नी तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे. ब्युरोतून मावशी येतात, हिंगोलीकडच्या. त्यांना चार मुलं. त्या दिवसाचे बारा तास माझ्या पत्नीला कुशीवर वळवतात, भरवतात, तेव्हा त्यांची धाकटी मुलगी खोलीवर एकटी असते. मी मुलीची शाळेची फी देतो. पुरेसं नाही हे मला कळतं.

२०२२ला आपल्या देशात साठीच्या पुढचे साधारण दहा टक्के होते, २०५०ला वीस टक्के असतील. तेव्हा त्या मावशींना कोण वळवेल?

रोखठोक | १३ जुलै

सगळ्यांच्या अनुभवांचा आदर ठेवून माझं मत मांडतो. देशात कडक कायदा हवा. दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर सवलती बंद. पाणी, जमीन, हवा वाढत नाहीत. २०२३च्या एप्रिलमध्ये आपण चीनलाही मागे टाकलं आणि कुणाला त्याची चिंता वाटली नाही. रोज सकाळी हिंजवडीला जायला मला पावणेदोन तास लागतात. काही समाजांत तर नियोजन नाहीच, हे बोललं की लोक रागावतात, पण बोलायला हवं.

आकडेमोड | १३ जुलै

रागावत नाही, आकडेच देतो. १९९२-९३च्या पाहणीत मुस्लिम बाईला सरासरी ४.४ मुलं होत होती, हिंदू बाईला ३.३. २०१९-२१ला २.४ आणि १.९. दोन्ही उतरले, आणि ज्यांचा आकडा वर होता त्यांचा जास्त उतरला. फरक कुठे ठळक दिसतो पाहा : शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेलीला १.८. केरळच्या बाईचा आकडा बिहारच्या बाईपेक्षा कमी आहे, दोघींचा धर्म कुठलाही असो.

कायद्याबद्दल. आपल्या राज्यानं ते करून पाहिलंय. १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्र विधिमंडळानं मंजूर केलं होतं, तीन मुलांच्या पुढे. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. कायद्याशिवायही १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आणि दोन अपत्यांची अट आजही आहे : पंचायतीच्या निवडणुकीला २००१पासून, राज्य सरकारी नोकरीला २००५पासून.

सिस्टर_हडपसर | १३ जुलै

आणीबाणीत पुरुषांना जे भोगावं लागलं त्याची किंमत बायका अजून मोजतायत. २०१९-२१च्या पाहणीत बायकांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३ टक्के. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत टाक्याच्या शस्त्रक्रियेला शेकडो बायका आल्या. पुरुष किती आले ते दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. बिनटाक्याची, पंधरा-वीस मिनिटांची, दुसऱ्या दिवशी घरी फिरता येईल अशी शस्त्रक्रिया आहे असं किती वेळा समजावलं. "मला जड कामं करायची असतात" हे ठरलेलं उत्तर. बायको काय पिसं उचलते का?

आणि 'दोनच' म्हटल्यावर काय होतं तेही मी पाहिलंय. दोनातला एक तरी मुलगा हवा. गर्भलिंग तपासणीवर १९८८ला सगळ्यात आधी कायदा केला तो महाराष्ट्रानं. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ला ९१३ होत्या, २०११ला ८९४. बाई, तुमच्या दोन रकान्यांत या मुली कुठेच आल्या नाहीत. त्या जन्मल्याच नाहीत.

एक चांगलंही सांगते. मी राहते तिथून लसींचा कारखाना जवळ आहे. १९६६ला सुरू झालेली सीरम इन्स्टिट्यूट आज मात्रांच्या संख्येनं जगातली सगळ्यात मोठी लस उत्पादक. आफ्रिकेच्या मेंदुज्वराच्या पट्ट्यात २०१०ला जी लस बुर्किना फासोत पहिल्यांदा दिली, ती इथली. अर्ध्या डॉलरच्या आत एक मात्रा. मलेरियाची आर-२१ लसही इथेच बनते. आता जगाची वाढ मुख्यतः आफ्रिकेत होणार आहे असं म्हणतात, तर त्यातली कितीतरी बाळं आपल्या हडपसरच्या बाटलीवर जगलेली असतील. मला याचा अभिमान वाटतो. आणि आईला खात्री पटली की झालेलं मूल जगणार आहे, की ती स्वतःच थांबते. हे मी वाचलेलं नाही, पाळण्यापाशी उभी राहून पाहिलंय.

एकच_पुरे | १३ जुलै

सिस्टर, तुमच्या पोस्टला हजार वेळा अनुमोदन.

मला एक मुलगी आहे. दुसरं नको हे आम्ही दोघांनी ठरवलं. तरी प्रत्येक हळदीकुंकवाला विचारणा होते. माझ्या आजीला कुणी विचारलंच नव्हतं. तिला सात बाळंतपणं झाली. र. धों. कर्व्यांनी १९२१ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा त्यांना किती छळलं ते आठवा. प्राध्यापकी सुटली, खटले भरले. १९३४च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. वडील महर्षी कर्वे इकडे हिंगण्याला विधवांसाठी झटत होते, मुलगा तिकडे सांगत होता की मूल कधी आणि किती हे बाईला ठरवता आलं पाहिजे. कर्वेनगरच्या पाटीखालून रोज जाताना मला दोघांचीही आठवण येते.

सरकारनं मला 'थांब' म्हणू नये आणि आता लोकसंख्या उतरायला लागली म्हणून 'आणखी आण' असंही म्हणू नये.

रोखठोक | १४ जुलै

१९७६च्या विधेयकाचं मला माहीत नव्हतं. सिस्टरांचा ३७.९ विरुद्ध ०.३ हा आकडा वाचून मी गप्प झालो, कारण माझ्याही घरी शस्त्रक्रिया बायकोचीच झाली. कायद्याचा आग्रह सोडतो. पण एक सांगा, तुमच्या उत्तरात धायरीचं पाणी आणि इंदापूरचं पाणी कुठे आहे? सगळं हळूहळू स्थिरावेल म्हणता, पण ते २०६०ला. टँकर उद्या सकाळी येणार आहे.

टेलचा_शेतकरी | १४ जुलै

रोखठोकदादा, हा प्रश्न विचारलात, बरं वाटलं. माझं एवढंच म्हणणं. पुण्यात जी माणसं वाढली ती सगळी पुण्यात जन्मली नाहीत. आमच्याकडून, मराठवाड्यातून आली. आमच्याकडे पाणी टिकलं असतं तर त्यातली निम्मी तिथेच राहिली असती. आमचं पाणी तुमच्याकडे येतं, मग त्यामागून आमची पोरंही येतात, आणि मग तुम्हाला आणखी पाणी लागतं.

धायरीचा_रहिवासी | १४ जुलै

हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. आमच्या सोसायटीचा सांडपाणी प्रकल्प बिल्डरनं कागदावर दाखवला आणि बंद ठेवला, पुढे आम्हीही तो चालू केला नाही, वीजबिल वाचतं म्हणून. रविवारी मीटिंग आहे. विषय घेतो.

आकडेमोड | १४ जुलै

आणखी एक बाजू राहिली. माणशी वर्षाला कार्बन डायऑक्साइड : भारतीय साधारण दोन टन, अमेरिकी चौदा टनांच्या वर. पृथ्वीवर पडणारा भार डोकी मोजून कळत नाही. पण पाण्याच्या बाबतीत डोकी मोजावीच लागतात, हे टेलच्या दादांकडून आज शिकलो.

नवी_शिक्षिका | १५ जुलै

बाई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, मुळशी तालुक्यात. २०२१ची जनगणना झालीच नाही. आता २०२७ची जाहीर झाली आहे. संदर्भ तारीख १ मार्च २०२७, आणि सगळं मोबाइलवर. माझी नेमणूक नक्की होणार. मला त्या दोन रकान्यांची आत्ताच भीती वाटतेय. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला असं कसं विचारायचं?

प्रगणकबाई | १५ जुलै

बाळ, सासूला आधी विचार. तिचं नाव, तिचं वय, तिची मुलं. ती बोलायला लागली की घर सैल होतं. मग सुनेकडे वळ आणि आवाज खाली आण. आधी हयात विचार, मग "आणखी कुणी होतं का?" एवढंच. 'मेलेली' हा शब्द तोंडात आणू नको. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आला तर मोबाइलकडे बघू नको, तिच्याकडे बघ. पुढचं बटण दाबायला एक मिनिट उशीर झाला तरी चालतो. आणि दुपारी दोन ते चार जा, पुरुष घरी नसतात, बायका मोकळेपणी सांगतात. पाण्याची बाटली स्वतःची ने. उन्हाळा सुरू झालेला असेल, आणि काही घरांत तुला द्यायला पाणी नसतं, तरी ते देतात.

निबंध नातवानं स्वतःच लिहिला. पहिलं वाक्य असं आहे : "माझ्या आजीला एका आजीनं चार नावं सांगितली होती."